आईने न पाहिलेले मासे

टीव्हीबद्दल माझं मत कोणी विचारत नव्हतं, तोवर आमच्या घरात सगळं सुरळीत चाललं होतं. मतं नव्हती असं नाही. भरपूर होती आणि ती मी न विचारता देत होतो. मालिकांमधल्या बायका अंगभर दागिने घालून झोपतात, त्यांना टोचत कसे नाहीत? कोणाच्याही घरात कोणीही दार न वाजवता शिरतं, आणि आत गुपित चाललेलं असतं तेव्हाच नेमकं शिरतं. फोनवरचा माणूस "काय?" एवढंच म्हणतो आणि फोन हातातून टाकून देतो. पलीकडच्या बिचाऱ्याचं वाक्य अर्धंच राहिलं, याची कोणाला फिकीर नाही. हे सगळं मी आईच्या खुर्चीमागे उभा राहून बोलत असे. उभा अशासाठी, की बसून मालिका पाहिली तर ती आपल्याला आवडते असा लोकांचा समज होतो. आई मागे वळायचीसुद्धा नाही. "तुझं झालं की सांग," म्हणायची, "मग आवाज कमी करते."

अशात एका सकाळी पेटीवाल्या बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला जड पिशवी. कोण काय बघतं हे मोजणाऱ्या कंपनीकडून आल्या होत्या. "तुमच्या घराची निवड झालीय," असं त्या म्हणाल्या आणि मी आतून शर्ट बदलून आलो. माझी आजवर कोणीही, कशासाठीही निवड केली नव्हती. ऑफिसात बदलीसाठी झाली होती एकदा, पण ती निवड म्हणता येणार नाही.

बाईंनी टीव्हीला एक छोटी काळी पेटी लावली आणि बटणांचं एक लहानसं यंत्र माझ्या हातात दिलं. घरातल्या प्रत्येक माणसाचं एक बटण. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं, म्हणजे कोणत्या वयाचं कोण काय बघतंय हे त्यांना कळतं. पहिलं बटण माझं, दुसरं बायकोचं, तिसरं आईचं. आई तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून घ्यायला गेली होती.

"आजींना तुम्ही नीट समजावून सांगाल ना?" बाईंनी विचारलं.

"आईचं माझ्याकडे लागलं," मी म्हणालो.

जाताना त्यांनी दोन सूचना दिल्या. पेटीबद्दल बाहेर कोणाला सांगायचं नाही. आणि दुसरी, "नेहमी बघता तेच बघा. वेगळं काही करू नका." इतकी सोपी सूचना मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. पण पुढे त्या असंही म्हणाल्या, की तुमचं एक घर म्हणजे एकच घर नाही, तुमच्यामागे तुमच्यासारखी कितीतरी घरं धरली जातात. तिथे घोटाळा झाला. त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसलो तर मला नीट बसताच येईना. माझ्यासारखी ती सगळी माणसं आपल्या मागे खुर्च्या टाकून बसली आहेत आणि हा काय लावतो म्हणून वाट बघत आहेत, असं वाटायला लागलं. आणि मी काय लावत होतो? दोन धिप्पाड पुरुष चड्ड्या घालून एकमेकांना आपटतात तो कार्यक्रम. मी पाय खाली घेतले आणि टीव्ही बंद केला.

पेटीबद्दल मी कोणाला सांगितलं नाही. फक्त समोरच्या नानांना सांगितलं. नाना निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या पोटात कोणतीही गोष्ट राहते. फक्त ती जिन्यातल्या इतरांच्या पोटातही राहावी असं त्यांना वाटतं. दोन दिवसांत सगळी इमारत मला वाट सोडायला लागली. पण नानांचा सल्ला मात्र मला पटला.

"अरे, ही जबाबदारी आहे," नाना म्हणाले. "उद्या ते मोजणारे कागद बघणार. या घरात काय बघतात? तर सासू सुनेला विष देते ते. काय अब्रू राहील तुझी?"

"पण आईला तेच आवडतं."

"आईला आवडू दे की. कागदावर कशाला आवडायला पाहिजे?"

नाना शाळेत तपासणी आली की ढ मुलांना मैदानावर पाठवायचे, हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आमच्या आतल्या खोलीत जुना टीव्ही धूळ खात पडला होता. तो मी पुसला, दुरुस्त करून घेतला, समोर आईची खुर्ची ठेवली, पाठीला उशी लावली. "आई, तू आता इथे शांतपणे मालिका बघ," म्हटलं. "माझी बडबड नको तुला." आईचे डोळे भरून आले. माझ्या मुलाने माझ्यासाठी वेगळी सोय केली, हे तिने इमारतीतल्या प्रत्येक बाईला धरून धरून सांगितलं. मीही ते ऐकून घेत होतो.

आणि हॉलमधल्या पेटीच्या टीव्हीवर, आईच्या मालिकेच्याच वेळी, मी 'संथ पाण्यातलं जग' लावू लागलो. एक वयोवृद्ध प्राध्यापक तळ्याकाठी उकिडवे बसून माशांबद्दल बोलत. मासे बिचकू नयेत म्हणून अत्यंत हळू बोलत. काय बोलत ते मला सांगता येणार नाही, कारण थोड्याच वेळात मला झोप लागे. पण झोपण्यापूर्वी मी तिन्ही बटणं न चुकता दाबत होतो. बायको एकदा मधून जाताना थांबली.

"ते तिसरं बटण आईंचं ना?"

"हो."

"आई तर आत आहेत."

"संस्कृती म्हणून काही असतं की नाही?" मी म्हणालो.

"माझ्या बटणाला हात लावाल तर बघा," म्हणून ती निघून गेली. मग मी दोनच बटणं दाबू लागलो. मतभेदाचा मी नेहमीच आदर केला आहे.

आता आईच्या मालिकेबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे न्यायाधीश होते. मूळचे ते एका कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेणारे. आवाज भारदस्त. निवृत्त झाल्यावर कोणाच्या तरी ओळखीने त्यांना मालिकेत न्यायाधीशाचं काम मिळालं आणि तेव्हापासून इमारत त्यांना न्यायाधीश म्हणूनच ओळखते. मालिकेत धाकटी सून नवऱ्याच्या खुनाबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. नवरा मेलाच नव्हता. तो स्मृती गमावून, खोटी दाढी लावून, त्यांच्याच घरी ड्रायव्हर म्हणून कामाला होता. ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही त्याला दाढी लावायची कशी सुचली, हे मी आईला अनेकदा विचारलं होतं. खटला पार गेल्या वर्षीपासून चालू होता आणि न्यायाधीशांना हातोडा आपटून "शांत राहा" म्हणण्यापलीकडे वाक्य नव्हतं. पण आता निकाल जवळ आला होता. निकालाचं चांगलं पानभर भाषण त्यांना मिळणार होतं. ते जिन्यात आवाज तापवत उतरत.

पेटीची बातमी त्यांच्याही कानावर गेली होती. एकदा त्यांनी मला दारात गाठलं. "आग्रह नाही," ते म्हणाले, "पण आमची मालिका असते का हो तुमच्याकडे?"

"आई एक भाग चुकवत नाही," मी म्हणालो. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी तो शक्य तितक्या लवकर सोडवून घेतला.

पुढच्याच महिन्यात न्यायाधीश वर आले ते सरळ सोफ्यावर बसले. चेहरा पांढराफटक. आई आतून बाहेर आली, बायकोने पाणी दिलं.

"मालिका बंद होतेय," ते म्हणाले.

आईने भिंतीला हात टेकला. "निकालाआधी?"

"या आठवड्यातच. मोजणीत आपटलो, आजी. बाकी सगळीकडे ठीक होतं हो. पण आमच्या मालिकेचा सगळा डोलारा सत्तरीच्या पुढच्या बायकांवर. आणि या भागात सत्तरीच्या पुढच्या बायकांमध्ये आम्हाला मिळालंय शून्य. एकही बाई बघत नाही म्हणे. सगळ्या मासे बघतात."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाण्याचा पेला न्यायाधीशांसाठी होता, तो मी पिऊन टाकला. या भागातल्या सत्तरीच्या पुढच्या सगळ्या बायका म्हणजे त्या तिसऱ्या बटणामागे उभ्या असलेल्या बायका, आणि ते बटण मी दाबत होतो. आजूबाजूच्या सगळ्या घरांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना मी एकट्याने उचलून तळ्याकाठी नेऊन बसवलं होतं.

"मासे?" आई म्हणाली. "कोण मेल्या या बायका? एकदा भेटू देत मला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग तिने रिकामा पेला माझ्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्या मोजणाऱ्या कंपनीच्या कचेरीत गेलो. इथे सांगायला हवं, की मी स्वतः नोंदणी कार्यालयात खिडकीवर बसतो. नावातल्या, तारखांतल्या चुका दुरुस्त करून मागायला लोक येतात आणि मी त्यांना तसंच परत पाठवतो. त्यामुळे खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची मला सवय नव्हती. बाहेरून खिडकी फार उंच असते.

"तक्रार काय?" आतल्या माणसाने विचारलं.

"आमच्या आईने मासे पाहिले नाहीत."

"मग बघायला सांगा."

"तसं नाही. पाहिले अशी नोंद झालीय. ती काढायचीय."

त्याने यंत्रात बघितलं. "बटण दाबलेलं दिसतंय. कोणी दाबलं?"

"मी."

"का?"

संस्कृतीबद्दल मी घरी सहज बोललो होतो, पण त्या खिडकीशी मला ते जमेना. मागे रांग होती.

"एकदा नोंद झाली की झाली," तो म्हणाला. "पाहिलं नाही याचा पुरावा आणा."

"न पाहिल्याचा पुरावा कसा असेल?"

"तो आमचा प्रश्न नाही."

मला भयंकर धक्का बसला. हे माझं वाक्य होतं. शब्दन् शब्द माझा. मी रोज तेच म्हणतो, पण समोरच्याला ते असं लागत असेल याची मला कल्पना नव्हती.

"नाहीतर आईंनाच घेऊन या," तो म्हणाला. "समक्ष सांगू देत."

आईला आणायचं म्हणजे आईला सांगायचं. मी तक्रार मागे घेतो म्हणालो. त्यावर तो म्हणाला, की तोंडी तक्रारही नोंदली जाते आणि एकदा नोंद झाली की झाली.

शेवटच्या भागाला आईने न्यायाधीशांना आमच्याकडेच बोलावलं. हॉलमध्ये, मोठ्या टीव्हीवर. मी तिन्ही बटणं दाबून बसलो होतो, बायकोचंसुद्धा, तिच्या समक्ष. ते मेलेल्या माणसाला औषध पाजण्यासारखं होतं. पडद्यावर धाकटी पिंजऱ्यात रडत होती. दारात ड्रायव्हर उभा होता आणि त्याचा हात हळूहळू दाढीकडे चालला होता. न्यायाधीशांनी हातोडा उचलला. आमच्या सोफ्यावरचे न्यायाधीश ताठ बसले.

"सर्व साक्षी-पुरावे पाहता हे न्यायालय..." पडद्यावरचे न्यायाधीश म्हणाले, आणि पाटी आली. प्रेक्षकांच्या प्रेमाबद्दल आभार. तिच्यामागून दुसरी पाटी आली. उद्यापासून याच वेळी, सत्तरीपुढील प्रेक्षकांच्या खास आग्रहास्तव, नवा कार्यक्रम. मागे तळं होतं.

आई पाटीकडे बघत म्हणाली, "पुढचं वाक्य काय होतं?"

"मला पान मिळालंच नाही," न्यायाधीश म्हणाले. "चित्रीकरण असेल त्या सकाळी तेवढंच हातात द्यायचे."

"तुम्ही न्यायाधीश आहात. तुम्ही सांगा. सुटली का ती?"

"लिहून आल्याशिवाय मी निकाल देऊ शकत नाही, आजी," ते फार कष्टी होऊन म्हणाले. त्यानंतर ते रोज संध्याकाळी मालिकेच्या वेळी वर येऊन बसू लागले. त्या वेळी घरी एकटं बसवत नाही म्हणाले. आई त्यांना चहा देई आणि दोघं बंद टीव्हीसमोर बसून खटल्याबद्दल बोलत.

अशाच एका संध्याकाळी पेटीवाल्या बाई आल्या. हातात मी केलेल्या तोंडी तक्रारीचा कागद होता. मी त्यांना जिन्यातच वाटेला लावायच्या बेतात होतो, पण आईने आतून विचारलं, "कोण आहे रे?" आणि बाई मला वळसा घालून आत गेल्या.

"तुम्हीच का आजी?" त्या आनंदाने म्हणाल्या. "तुम्हाला बघायचंच होतं मला. तुमच्याइतकं नेमाने कोणी बघत नाही हो. एक दिवस खाडा नाही. मलाही आवडतात मासे."

"कोणते मासे?" आई म्हणाली.

बाईंनी यंत्र उचललं आणि तिसरं बटण दाखवलं. "हे तुमचं बटण. तुम्ही दाबता ते. तुम्हाला काय आवडतं ते यानेच तर आम्हाला कळतं."

आईने यंत्र हातात घेतलं. त्याच्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. उशी लावलेली खुर्ची तिथून दिसत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल.

"माझं बटण होतं?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"लहानपणी वडील ठरवायचे. मग तुझे बाबा ठरवायचे. मग तू," आई म्हणाली. "एवढ्या वयात पहिल्यांदा कोणीतरी घरी येऊन विचारलं, की बाई, तुम्हाला काय आवडतं? आणि उत्तर तू दिलंस. तेसुद्धा मासे."

मला वाटत होतं की मी एक मालिका बंद पाडली, आणि तिच्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटलं ते आता, आणि इतकं वाटलं की उभं राहवेना. पण बसायला जागा एकच होती, न्यायाधीशांच्या शेजारी.

न्यायाधीशांना सगळं कळायला जरा वेळ लागला. मग ते सावकाश उठले. त्यांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी टीपॉयवर असा ठेवला की बशी खणाणली.

"आरोपीला काही म्हणायचं आहे?" त्या भारदस्त आवाजात त्यांनी विचारलं.

प्रत्येक गोष्टीवर माझं मत असतं. आता मात्र मी नानांकडे बघितलं. आवाज ऐकून ते दारात येऊन उभे राहिले होते. नानांनी चपला घातल्या आणि ते आपल्या घरी गेले.

"मग निकाल ऐका," न्यायाधीश म्हणाले.

"लिहून आल्याशिवाय तुम्ही देत नाही ना?" बायकोने विचारलं.

"याला लिहून यायची गरज नाही. आरोपीने ही मालिका पहिल्या भागापासून बघायची. आईंच्या शेजारी. बसून. आणि एकही मत द्यायचं नाही."

ते त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण होतं. बाईंनी नियम मोडल्याबद्दल पेटी सोडवून पिशवीत टाकली आणि निघताना आईला नमस्कार केला. मला नाही केला.

शिक्षा त्याच दिवशी सुरू झाली. मालिकेचे जुने सगळे भाग बायकोने कुठूनतरी टीव्हीवर मिळवून दिले. हे तिला आधीही करता आलं असतं, पण शिक्षा झाल्याशिवाय ती कशाला करेल? जेवण झालं की मी आईच्या शेजारी बसे. दागिने घालून झोपलेल्या बायका आल्या, मी ओठ आवळले. फोन खाली पडले, मी सोफ्याची कड घट्ट धरली. आई मधूनमधून माझ्याकडे बघे, पण बोलत नसे. मालिकेखेरीज इतर वेळीही ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

आणि मग असं झालं, जे अजूनही मी कोणाला सांगितलेलं नाही. एका भागात धाकटी पावसात उभी असते आणि ड्रायव्हर तिच्या डोक्यावर छत्री धरतो. स्वतः भिजतो. तिला पाहून त्याला काहीतरी आठवल्यासारखं होतं आणि आठवत नाही. दाढी गालावरून सुटत आली होती, ते मला दिसलं. आधी मी त्यावर चांगला पाव तास बोललो असतो. आता ती दाढी मला धूसर दिसायला लागली आणि मला धक्काच बसला. मी डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं. आईने काही न बोलता तिचे थेंब माझ्यापुढे सरकवले.

त्यानंतर मी ऑफिसातून लवकर निघायला लागलो. खिडकीवर एका माणसाची दुरुस्ती मी त्याच दिवशी करून दिली. तो घाबरून दोनदा विचारून गेला. मला घरी जायचं होतं. सासूने विष बदललं होतं आणि खरी बाटली कुठे आहे हे फक्त माळ्याला माहीत होतं.

असं करत करत शेवटचा भाग आला. मला माहीत होतं तो शेवटचा आहे, तरी मी पुढे सरकून बसलो. धाकटी पिंजऱ्यात रडत होती. ड्रायव्हरचा हात दाढीपर्यंत पोचला होता. हातोडा वर गेला. "सर्व साक्षी-पुरावे पाहता हे न्यायालय..." आणि ती पाटी आली.

मी तसाच बसून राहिलो. इतक्या दिवसांची शिक्षा ही खरी शिक्षा नव्हती, ती आता सुरू होत होती. ही बाई सुटली की नाही हे मला जन्मात कळणार नव्हतं.

"आई," मी म्हणालो. "पुढे काय झालं असेल गं?"

आईने चष्मा काढला, पदराने सावकाश पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "मी तर तेव्हा मासे बघत होते."